दोन टिंबं आणि आय३८६: एकाच कॉम्प्युटरवर दोन आर्किटेक्चरच्या लायब्ररी कशा नांदवायच्या

पिंपळगाव बसवंतला माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं असं काम चालतं. कोपऱ्यात एक पिवळट पडलेला लेसर प्रिंटर आहे, वय सतरा-अठरा वर्षं. तो ट्रेसिंग पेपर सुरकुती न पाडता ओढतो, आणि प्लेट बनवायची तर ट्रेसिंग स्वच्छच लागतं. नवे दोन प्रिंटर आणून पाहिले. दोन्हींतून ट्रेसिंग गुंडाळी होऊन बाहेर आलं. तेव्हा जुना प्रिंटर राहणार हे ठरलं, आणि त्याला चालवायचं काम माझ्याकडे आलं.

२०२३ च्या दिवाळीत दुकानातला कॉम्प्युटर बदलला. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला मामा वैतागले होते, म्हणून मी त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली. सगळं सुरळीत चाललं, प्रिंटर सोडून. कंपनीने लिनक्ससाठी दिलेल्या ड्रायव्हरच्या नावात ६४ बिट लिहिलेलं होतं, पण पानाचं रूपांतर प्रिंटरला कळेल अशा भाषेत करणारा त्यातला मुख्य फिल्टर ३२ बिटचाच होता. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड, आणि ६४ बिटच्या मशीनवर या फिल्टरला लागणाऱ्या ३२ बिट लायब्ररी नव्हत्या.

मी नाशिकला असते, त्यामुळे पुढचं बरंचसं काम फोनवर झालं. खालच्या कमांड मी मामांना सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी रोग ओळखा

फिल्टरची फाइल हाताने चालवून पाहा म्हटलं, तर उत्तर आलं: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. मामा फोनवर म्हणाले, "अगं, फाइल मला समोर दिसतेय आणि हा म्हणतोय नाहीच!"

या एका संदेशाने मी कितीतरी लोकांना चुकीच्या वाटेला जाताना पाहिलंय. कोणी परवानग्या बदलतं, कोणी फाइल पुन्हा डाउनलोड करतं. खरी गोष्ट अशी आहे की चालवता येणाऱ्या बहुतेक फाइलींच्या पोटात एका लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी उठून त्याला लागणाऱ्या लायब्ररी गोळा करायच्या, हे लोडरचं काम. इंटेलच्या ३२ बिट फाइलीत तो पत्ता असतो /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२ आणि ६४ बिट फाइलीत /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२. नुसत्या ६४ बिट डेबियनवर पहिल्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. कर्नल (प्रणालीचा गाभा) "फाइल नाही" म्हणतो तेव्हा ती लोडरची फाइल असते, तुमची नव्हे. फक्त नाव सांगत नाही.

म्हणून सगळ्यात आधी फाइललाच विचारा:

फाइल /यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर/ (आणि पुढे फिल्टरचं नाव)

उत्तरात "ईएलएफ ३२-बिट" आणि "इंटेल ८०३८६" दिसलं, आणि इंटरप्रिटर म्हणून तो पहिला पत्ता दिसला, की निदान पक्कं. या स्थितीत, कोणत्या लायब्ररी लागतात ते सांगणारी एलडीडी कमांड विचारलीत तर ती "नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. लोडरच नाही म्हणून ती तसं बोलते.

प्रोसेसरचा यात काही दोष नसतो. एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला तेव्हाच ६४ बिटच्या या घराण्यात जुनं ३२ बिट काम चालवायची सोय ठेवलेली होती, आणि डेबियनच्या कर्नलमध्येही ती चालू असते. कमी असतात त्या लायब्ररी.

इंची पाने आणि मिलिमीटरचे पाने

मामांच्या मागच्या खोलीत जुनं ऑफसेट मशीन आहे. त्याचे काही बोल्ट इंची मापाचे, काही नंतर बदललेले, मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा पाना आणि १३ मिलिमीटरचा पाना नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा लावला तर आधी बसल्यासारखा वाटतो, मग घसरतो आणि बोल्टचे कोपरे खाऊन टाकतो. म्हणून मामांनी भिंतीवर दोन वेगळे फळे ठोकलेत, एक इंचीचा, एक मिलिमीटरचा. प्रत्येक पान्याची आकृती मागे रंगवलेली.

डेबियनची मल्टिआर्च पद्धत म्हणजे हे भिंतीवरचे फळे. एकाच नावाची लायब्ररी, समजा लिबसी.एसओ.६, दोन आर्किटेक्चरसाठी (म्हणजे प्रोसेसरच्या दोन जातींसाठी) हवी असेल तर दोघी एकाच फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक आर्किटेक्चरला स्वतःचं फोल्डर. ६४ बिट इंटेल-एएमडीच्या लायब्ररी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये. ३२ बिटच्या /यूएसआर/लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू मध्ये. ६४ बिट आर्मच्या /यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू मध्ये, आणि त्यातलं पहिलं नाव टाइप करताना इंग्रजी ए दोनदा येतो. ३२ बिट आर्मच्या /यूएसआर/लिब/आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ मध्ये.

पॅकेजच्या जगात मात्र यांचीच नावं वेगळी: एएमडी६४, आय३८६, आर्म६४, आर्मएचएफ. सुरुवातीला हा दुहेरी नावांचा प्रकार डोक्याला ताप देतो. पॅकेज मागताना छोटं नाव, फोल्डर शोधताना लांब नाव, एवढं धरून ठेवलं की पुरतं. एक फरक खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३२ बिट इंटेलसाठीच्या क्रॉस कंपायलरच्या (एका मशीनवर बसून दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाच्या) नावात आय६८६ येतं, पण लायब्ररीच्या फोल्डरचं नाव आय३८६ च राहतं. कंपायलर पुढे सरकला तरी पत्ता बदलू नये म्हणून ते तसं ठेवलंय.

याआधीची पद्धत दोनच खणांची होती, लिब आणि लिब६४ किंवा लिब३२. फेडोरा आजही /यूएसआर/लिब आणि /यूएसआर/लिब६४ वापरतं आणि ३२-६४ च्या जोडीपुरतं ते चांगलं चालतं. तिसरा पाहुणा आला, आर्म किंवा रिस्क-५, की खण संपतात. विंडोजवाल्यांनी तर जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून सिस्टिम३२ हे नाव ६४ बिट लायब्ररींना दिलं आणि ३२ बिटच्या लायब्ररी सिसवॉव६४ मध्ये ठेवल्या. दुकानातल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने मला दोनदा विचारून खात्री केली.

डेबियनमध्येही मल्टिआर्चच्या आधी आयए३२-लिब्स नावाचं एक अगडबंब पॅकेज होतं. सगळ्या नेहमीच्या ३२ बिट लायब्ररी एका गाठोड्यात बांधलेल्या. एका लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली की अख्खं गाठोडं सोडून पुन्हा बांधायचं. उबुंटूने २०११ मध्ये आणि डेबियनने मे २०१३ च्या आवृत्ती ७ पासून मल्टिआर्च लोकांच्या हातात दिलं. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत, पण स्टीव्ह लँगासेक यांचं नाव मी आवर्जून घेते. दोन्ही प्रकल्पांत हा विषय त्यांनी वर्षानुवर्षं पुढे रेटला. जुन्या मार्गदर्शिकांत आयए३२-लिब्स टाका असं लिहिलेलं आढळलं तर तिथेच थांबा. ते पॅकेज आता मिळत नाही आणि त्याच्या जागी एखाद्या अनोळखी ठिकाणाहून आणूही नका.

तीन ओळींचं काम

डीपीकेजी आणि ॲप्ट ही डेबियनची पॅकेजं बसवणारी साधनं. आधी आपलं मशीन कोण आहे ते विचारा:

डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर

आणि पाहुणे आधीच नोंदलेले आहेत का तेही:

डीपीकेजी --प्रिंट-फॉरिन-आर्किटेक्चर्स

दुसऱ्या कमांडला काहीच उत्तर आलं नाही तर पाहुणा नोंदवायचा. मग यादी ताजी करायची, मग ३२ बिटची मूळ लायब्ररी:

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबसी६:आय३८६

मधली ओळ वगळू नका. पहिली कमांड फक्त वहीत नाव लिहिते. त्या आर्किटेक्चरच्या पॅकेजांची यादी अपडेटनेच येते.

शेवटच्या ओळीतली दोन टिंबं हा या साऱ्या प्रकरणाचा आत्मा आहे. पॅकेजचं नाव, दोन टिंबं, आर्किटेक्चर. मध्ये मोकळी जागा नाही. मामा त्याला विसर्गच म्हणतात, आणि पहिल्या दिवशी त्यामुळेच अर्धा तास गेला. दुकानात कीबोर्ड दिवसभर मराठीत असतो. मामांनी सवयीने खरोखर मराठी विसर्ग टाइप केला, मग कीबोर्ड इंग्रजी करून पुढचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ॲप्ट मात्र "अनेबल टू लोकेट पॅकेज" म्हणत राहिलं. मी तिकडून नावातली अक्षरं पुन्हा पुन्हा तपासत होते. शेवटी मामांना पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला, मोठा करून पाहिला, तर ती टिंबं बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित गोल होती. डीटीपीवाल्यांनी आणि मराठीत टाइप करणाऱ्या सगळ्यांनी टर्मिनलमध्ये शिरताना कीबोर्ड आधी इंग्रजी करावा.

लिबसी६ बसल्यावर लोडर आपल्या पत्त्यावर राहायला येतो आणि एलडीडी खरं बोलायला लागते. आता तिला त्याच फिल्टरबद्दल विचारा:

एलडीडी /यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर/ (पुन्हा तेच नाव)

ज्या ओळीपुढे "नॉट फाउंड" आहे तेवढ्याच पाहा. आमच्याकडे लिबपॉप्ट.एसओ.० नव्हती. फाइलचं नाव म्हणजे पॅकेजचं नाव नव्हे, म्हणून ॲप्ट-फाइल नावाचं छोटं साधन आधी बसवून घ्या, त्याची यादी सुडो ॲप्ट-फाइल अपडेट करून आणा, आणि विचारा:

ॲप्ट-फाइल सर्च लिबपॉप्ट.एसओ.०

उत्तर आलं लिबपॉप्ट०. मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबपॉप्ट०:आय३८६. पुन्हा एलडीडी. पुढची गळती, पुढचं पॅकेज. आमच्या प्रिंटरला चार फेऱ्या लागल्या. एकदम पन्नास पॅकेजं ओतण्यापेक्षा हा सावकाश मार्ग चांगला, कारण नंतर काय कशासाठी आणलं ते आठवतं. मी दुकानाच्या वहीत शेवटच्या पानावर ही चार नावं लिहून ठेवायला लावली.

एलडीडीला एक गोष्ट दिसत नाही. काही प्रोग्रॅम चालू झाल्यावर मध्येच एखादी लायब्ररी मागवतात, आवाजासाठी, ग्राफिक्ससाठी, नेटवर्कवरची नावं शोधण्यासाठी. अशा लायब्ररींची नावं फाइलीच्या पोटात आधी लिहिलेली नसतात. जुना ३२ बिट खेळ सुरू होतो पण मुका राहतो, तेव्हा बहुधा लिबएसाउंड२-प्लगिन्स:आय३८६ बसवायचं राहिलेलं असतं. प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवला तर तो काय मागतोय ते बऱ्याचदा तिथे छापून येतं. त्यात "राँग ईएलएफ क्लास" हे शब्द आले तर समजा, ३२ बिट बोल्टला ६४ बिटचा पाना लागलाय.

जुन्या मशीनवरच्या एसओ फाइली पेनड्राइव्हवर घेऊन /यूएसआर/लिब मध्ये हाताने टाकणं हा प्रकार कृपया करू नका. मीही एकेकाळी केलाय. फाइल बसते, प्रोग्रॅमही चालतो, पण डीपीकेजीच्या वहीत तिची नोंद नसते. पुढे त्या लायब्ररीत भोक सापडलं तर दुरुस्ती कधीच तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि दोन वर्षांनी तीच फाइल नव्या आवृत्तीच्या आड येते.

आवृत्ती जुळलीच पाहिजे

ही गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे, कारण ती न कळल्याने ऐन लग्नसराईत मामांचं दुकान एक सकाळ बंद राहिलं.

प्रत्येक पॅकेजच्या माहितीत मल्टि-आर्च नावाची एक ओळ असू शकते. तिथे "सेम" लिहिलं असेल तर ते पॅकेज दोन आर्किटेक्चरसाठी शेजारी शेजारी बसू शकतं. लायब्ररी बहुतेक अशाच असतात. "फॉरिन" असेल तर ते एक हत्यार आहे, बॅश किंवा सेडसारखं. एकच प्रत बसते आणि तीच सगळ्या आर्किटेक्चरची गरज भागवते, कारण सेडने मजकूर बदलून दिला की तो ३२ बिट सेडने बदलला की ६४, याने कोणाचं काही अडत नाही. पर्ल आणि पायथनसारख्यांना "अलाउड" असतं, म्हणजे मागणाऱ्याने ठरवायचं.

"सेम"ची अट कडक आहे. दोन्ही आर्किटेक्चरच्या प्रतींची आवृत्ती शेवटच्या अक्षरापर्यंत तीच हवी. कारण सरळ आहे. लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या तरी /यूएसआर/शेअर मधली कागदपत्रं दोघींची मिळून एकच प्रत असते. ती प्रत जशीच्या तशी सारखी असेल तरच डीपीकेजी ती दोघींच्या नावावर लिहितं.

आता माझी चूक. मामांना चित्रं काढायच्या एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी होती. मी बाहेरची एक रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडली. तिने प्रोग्रॅमसोबत फ्रीटाइप ही फाँटची लायब्ररीही नवी आणली, पण फक्त एएमडी६४ साठी. मी फुल-अपग्रेड चालवलं. आय३८६ ची फ्रीटाइप जुन्याच आवृत्तीवर होती, जोडी जुळेना, म्हणून ॲप्टने ती काढून टाकली. तिच्यासोबत प्रिंटरच्या ३२ बिट ड्रायव्हरची खिडकीही गेली. सकाळी मामांचा फोन, समोर पत्रिकेचं गिऱ्हाईक बसलेलं. मी घाईत सांगितलं, लिबफ्रीटाइप६:आय३८६ पुन्हा इन्स्टॉल करा. मामा म्हणाले, "मोठी यादी आलीय, वाय दाबू का?" मी म्हटलं, दाबा.

ती यादी काढून टाकायच्या पॅकेजांची होती. ॲप्ट आपणहून आवृत्ती खाली आणत नाही. आम्ही जुनी आय३८६ प्रत हट्टाने मागितली, तेव्हा त्याच्यापुढे एकच वाट उरली, नवी एएमडी६४ प्रत काढायची. फाँटची लायब्ररी गेली की तिच्यावर उभा असलेला सगळा डेस्कटॉप जातो. तसाच गेला.

परत कसं आणलं ते लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की काळ्या पडद्यावर लॉगिन मिळतं. /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग या फाइलीच्या शेवटी तारीख, वेळ, चालवलेली कमांड आणि "रिमूव्ह" शब्दापुढे गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव असतं. मी आधी /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधून ती बाहेरची रिपॉझिटरी हलवली, अपडेट केलं, आणि मग दोन्ही प्रती एकाच कमांडमध्ये मागितल्या:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबफ्रीटाइप६ लिबफ्रीटाइप६:आय३८६

दोघींची आवृत्ती आता डेबियनचीच, म्हणून जोडी जुळली. त्यानंतर टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप बसवलं, आणि हिस्टरीतली बाकीची नावं. एएमडी६४ ची नवी प्रत तुमच्याकडे अजून शिल्लक असेल तर दोन्ही नावांपुढे बरोबरचं चिन्ह देऊन जुनी आवृत्ती स्पष्ट लिहावी लागते. दुपारी दोनला पहिली ट्रेसिंग निघाली.

तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्यात. एक, आय३८६ चं काहीही बसवण्याआधी कमांडमध्ये उणे एस घालते. ॲप्ट नुसती रंगीत तालीम करतं, खरं काही हलवत नाही. मामांना फक्त एवढं विचारते, "रिमूव्हड् शब्दाखाली किती नावं आहेत? वाचून दाखवा." दोन, शंका आली की दोन्ही प्रती एकत्र तपासते:

ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबफ्रीटाइप६ लिबफ्रीटाइप६:आय३८६

दोन्हींच्या "कँडिडेट" ओळीतली आवृत्ती वेगळी दिसली तर तिथेच हात थांबवायचा.

एखादी बाहेरची रिपॉझिटरी एएमडी६४ पुरतीच असेल तर अपडेटच्या वेळी "ती आय३८६ देत नाही" अशी सूचना येते. त्या रिपॉझिटरीच्या ओळीत चौकटी कंसात आर्च=एएमडी६४ लिहिलं की सूचना थांबते. पण सूचना थांबली म्हणजे आवृत्तीचा प्रश्न मिटला असं नाही.

द्राक्षबागेतली डबी: आर्मसाठी हेच तंत्र

माझ्या भावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. डावणी या रोगावरची फवारणी कधी घ्यायची ते पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतं, म्हणून बागेत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची एक डबी बसवलीय. तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा मोजून ती एसक्यूलाइटच्या फाइलीत लिहिते. प्रोग्रॅम सी भाषेत मीच लिहिलाय, आणि तो घरच्या ६४ बिट इंटेल मशीनवर आर्मसाठी बांधते.

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ लिबएसक्यूलाइट३-डेव्ह:आर्म६४

शेवटची ओळ नीट पाहा. लायब्ररीला दोन टिंबं आहेत, कंपायलरला नाहीत. कंपायलर माझ्या इंटेल मशीनवर चालायचा आहे, तो फक्त आर्मची भाषा बोलतो. लायब्ररी मात्र खऱ्या आर्मच्या हव्यात. चुकून जीसीसी:आर्म६४ मागितलंत तर ॲप्ट तुमचा रोजचा कंपायलर काढून आर्मवर चालणारा कंपायलर बसवायला निघेल. उणे एस इथेही वाचवतं.

मग एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी ने बांधायचं, शेवटी उणे एलएसक्यूलाइट३. आर्मची एसक्यूलाइट कुठे ठेवलीय हे सांगावं लागत नाही. कंपायलरला आपल्या नावाचं फोल्डर ठाऊक असतं. ज्या प्रकल्पात लायब्ररींचे पत्ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग वापरलंय तिथे मात्र तो गपचूप इंटेलचा पत्ता देऊ शकतो. त्यासाठी पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (नाव मोठ्या अक्षरांत) आर्मच्या फोल्डरमधल्या पीकेजीकॉन्फिग वर वळवून द्या.

डेबियन १२ वर क्यूईएमयू-यूझर-स्टॅटिक हे आर्म प्रोसेसरची नक्कल करणारं साधन बसवलं की बांधलेला आर्म प्रोग्रॅम घरच्या इंटेल मशीनवरच चालवून पाहता येतो. आर्मचा लोडर /लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१ या पत्त्यावर आधीच आलेला असतो, डेव्ह पॅकेजच्या मागोमाग. प्रिंटरच्या वेळी जी युक्ती कळली तीच इथे फळते. बागेत जाऊन डबी उघडण्याआधी निम्म्या चुका घरीच सापडतात.

दोन खड्डे सांगते. घरचं मशीन डेबियन १३ आणि पायवर १२ च्या पिढीचं असेल तर प्रोग्रॅम पायवर "जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड" म्हणून बसकण मारू शकतो. जीलिबसी म्हणजे प्रणालीची मूळ सी लायब्ररी; १२ मध्ये ती २.३६ आहे, १३ मध्ये २.४१. प्रोग्रॅममध्ये _जीएनयू_सोर्स लावलेलं असेल तर मजकुराचा आकडा करणारं साधं एसटीआरटोलही नव्या मशीनवर २.३८ मधल्या नव्या रूपाला जोडलं जातं. दोन्हीकडे एकच पिढी ठेवा, किंवा बांधणीसाठी जुन्या पिढीचा कंटेनर. दुसरा खड्डा नावाचा आहे. डेबियनचं आर्मएचएफ एआरएमव्ही७ साठी आहे, रास्पबेरी पायच्या जुन्या ३२ बिट प्रणालीचं आर्मएचएफ एआरएमव्ही६ साठी. नाव तेच, माप वेगळं. पहिल्या पाय झीरो डब्ल्यूवर डेबियनच्या साधनांनी बांधलेला प्रोग्रॅम "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मरतो. भावाची पहिली डबी तीच होती. तिच्यावर मी प्रोग्रॅम तिथल्या तिथे बांधला. नंतर २०२१ मध्ये आलेला झीरो २ डब्ल्यू घेतला, तो ६४ बिट आहे, आणि वरची सगळी कृती त्याला लागू पडते.

उबुंटूवर आर्म६४ नोंदवलंत आणि अपडेटला ४०४ च्या ओळी आल्या तर घाबरू नका. २४.०४ पर्यंतच्या उबुंटूत मुख्य सर्व्हरवर एएमडी६४ आणि आय३८६ असतात, आर्मची पॅकेजं पोर्ट्स.उबुंटू.कॉम वर. २४.०४ मध्ये उबुंटू.सोर्सेस या फाइलीत आधीच्या नोंदीखाली आर्किटेक्चर्स: एएमडी६४ आय३८६ लिहा आणि पोर्ट्ससाठी आर्म६४ ची वेगळी नोंद करा. डेबियनमध्ये सगळं एकाच सर्व्हरवर मिळतं.

पाहुण्याला निरोप

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. आय३८६ आता ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरतं उरलंय, म्हणजे नेमकं आमच्या प्रिंटरसाठी. त्याच आवृत्तीत ३२ बिट आर्मचं घड्याळ, म्हणजे सेकंद मोजायचा आकडा, ६४ बिट केलं गेलं, आय३८६ चं मात्र मुद्दाम जुनंच ठेवलं, कारण जुने बांधलेले प्रोग्रॅम मोडले असते. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, त्या घड्याळाचे आकडे संपतात. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, तोवर प्रिंटरचे ड्रम मिळायचे बंद होतील.

प्रिंटर खरंच गेला की उलटी कृती करायची. आधी पाहुणे मोजा:

डीपीकेजी -एल | ग्रेप :आय३८६

ती नावं वहीतल्या शेवटच्या पानाशी ताडून पाहा. मग ॲप्ट पर्ज ने काढा, प्रत्येक नावाला दोन टिंबं लावून, आणि तालीम करूनच. दोन टिंबं विसरलात तर ६४ बिटची प्रत जाईल. सगळी गेल्यावर:

सुडो डीपीकेजी --रिमूव्ह-आर्किटेक्चर आय३८६

एखादं पॅकेज मागे राहिलं असेल तर डीपीकेजी नाव काढायला नकार देतं, आर्किटेक्चर अजून वापरात आहे म्हणतं. पुन्हा ग्रेप करा, राहिलेलं शोधा, काढा, आणि शेवटी एकदा अपडेट.